ड्रोन 'येतो' असं वाटायला लागतं, तेव्हा नक्की काय होतं? विमानतळाशेजारच्या जासईतून

आमच्या जासईत आता ड्रोन नवीन राहिलेला नाही. हळदीला ड्रोन, क्रिकेटच्या स्पर्धेला ड्रोन, गणपतीच्या मिरवणुकीला ड्रोन आणि काही नसेल तर अटल सेतूचा सनसेट घ्यायला ड्रोन. त्याच वेळी २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आहेत. ज्यांचं नाव या विमानतळाला मिळावं म्हणून इथली माणसं रस्त्यावर उतरली, ते दि. बा. पाटील याच जासईचे. म्हणजे विमानतळाशी गावाचं नातं जुनं आहे, पण डोक्यावरून जाणाऱ्या विमानांशी ते अगदी नवं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, विमानाचा पायलट नाही. पण ड्रोनच्या आत जे चालतं ते बहुतेक सॉफ्टवेअर आणि सेन्सर आहेत, आणि त्याबद्दल मला बोलता येईल. ड्रोन उडवणाऱ्या पोरांमध्ये एक गोष्ट मला सतत दिसते. पहिल्या पाच उड्डाणांत हात थरथरत असतो. विसाव्या उड्डाणाला तोच मुलगा ड्रोनकडे न बघता मित्राशी गप्पा मारत असतो. मधल्या पंधरा उड्डाणांत तो नक्की काय शिकला? बऱ्याचदा, काहीच नाही. शिकलं ते ड्रोनमधल्या प्रोग्रॅमने, आणि तेसुद्धा कारखान्यातच.

आधी खऱ्या पायलटांचं बघू

विमान चालवणाऱ्यांमध्ये हा प्रश्न फार जुना आहे. भारतात प्रायव्हेट पायलट लायसन्स म्हणजे हौसेसाठी, पगार न घेता विमान उडवायचा परवाना. तो वयाच्या १७ व्या वर्षापासून मिळतो आणि त्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. पगार घेऊन उडवायचं असेल तर किमान २०० तास. पॉल क्रेग नावाच्या अमेरिकी फ्लाइट इन्स्ट्रक्टरने 'द किलिंग झोन' असं पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, छोट्या विमानांचे जीवघेणे अपघात सर्वात जास्त होतात ते साधारण ५० ते ३५० तास उडवलेल्या पायलटांकडून. म्हणजे अगदी नवशिक्याकडून नाही आणि मुरलेल्याकडूनही नाही. ज्याला आता 'येतं' त्याच्याकडून. नंतरच्या संशोधनात हा धोक्याचा पट्टा ३५० तासांवर संपत नाही, बराच पुढे जातो असं निघालं. ते माझ्या मते आणखी वाईट आहे.

सगळ्यात माहितीचं उदाहरण जॉन एफ. केनेडी ज्युनिअरचं, अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचं. १६ जुलै १९९९ च्या रात्री तो स्वतःचं छोटं विमान घेऊन निघाला, सोबत बायको आणि मेहुणी. त्याचे एकूण तास साधारण ३१०. फक्त उपकरणं बघून उडवायचा परवाना त्याच्याकडे नव्हता, त्याचं शिक्षण अजून चालू होतं. हवेत धुरकट, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. त्या संध्याकाळी एका इन्स्ट्रक्टरने सोबत येतो म्हटलं होतं, पण मला एकट्यालाच करायचंय असं त्याने सांगितल्याची नोंद तपास अहवालात आहे. विमान समुद्रात कोसळलं, तिघंही गेले. कारण निघालं दिशाभ्रम, म्हणजे विमान वळतंय की सरळ चाललंय हे शरीराला कळेनासं होणं.

हे का होतं, ते तुमच्या खिशातल्या फोनवरून समजेल. फोनमध्ये अॅक्सेलरोमीटर असतो आणि जायरोस्कोप असतो. आपल्या कानाच्या आतही जवळजवळ याच कामाची दोन यंत्रं आहेत. अडचण अशी की अॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण कुठलं आणि वेग बदलल्यामुळे बसलेला धक्का कुठला, हे वेगळं करता येत नाही. जायरो वळण मोजतो, पण त्याची चूक हळूहळू साठत जाते. कानातलं द्रव तर एकाच गतीने वळत राहिलं की काही सेकंदांत 'आता आपण सरळ आहोत' असं सांगायला लागतं. डोळ्यांना बाहेर क्षितिज दिसत असेल तर मेंदू ही चूक दुरुस्त करतो. रात्री समुद्रावर क्षितिज नाही, मग दुरुस्तीही नाही. अशा वेळी पोटातून जे वाटतं ते सरळ चुकीचं असतं, आणि आत्मविश्वास जितका जास्त तितका माणूस त्या वाटण्यावर ठाम राहतो.

तुम्ही ड्रोन उडवत नाही, त्याला विनंती करता

आता ड्रोनकडे येऊ. विमानात अज्ञान लवकर उघडं पडतं. हात चुकला की विमान डगमगतं, शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर ओरडतो. ड्रोनमध्ये तसं होत नाही. स्टिक पुढे ढकलली म्हणजे तुम्ही मोटर फिरवत नाही, तुम्ही फक्त 'पुढे जायचंय' एवढं कळवता. चार मोटरांपैकी कोणती किती फिरवायची हे आतला फ्लाइट कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो. त्यासाठी तो अॅक्सेलरोमीटर, जायरो, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, होकायंत्र, जीपीएस आणि खालचा कॅमेरा या सगळ्यांची उत्तरं एकत्र करून एक अंदाज बांधतो. कोणावर किती विश्वास ठेवायचा तेही तोच ठरवतो. याला सेन्सर फ्यूजन म्हणतात. केनेडीच्या कानाला जे जमलं नाही ते अर्धा किलोचा ड्रोन आरामात करतो.

म्हणून स्टिक सोडली की ड्रोन हवेत खिळ्याला टांगल्यासारखा थांबतो. वारा असला तरी. हे बघून वाटतं, अरे, सोपं आहे की! खरं तर त्या क्षणी वाऱ्याशी झुंज चाललेली असते, फक्त ती तुम्हाला दिसत नाही. स्क्रीनवरचा व्हिडिओ एकदम स्थिर, कारण कॅमेऱ्याचा गिंबलही धक्के गिळून टाकतो. विसाव्या उड्डाणाचा आत्मविश्वास याच स्थिर व्हिडिओवर उभा असतो.

मग एक दिवस जीपीएस जातो. पुलाखाली, उंच इमारतींच्या मध्ये, नाहीतर डोंगर कापून उभ्या राहिलेल्या कड्याशेजारी सॅटेलाइट कमी दिसतात. अनेक ड्रोन तेव्हा ज्याला एटीटीआय मोड म्हणतात त्यात जातात. यात ड्रोन आडवा राहतो, म्हणजे उलटापालटा होत नाही, पण जागा धरून ठेवत नाही. वारा नेईल तिकडे जातो. ब्रेक नाही. ज्याने आयुष्यात फक्त जीपीएसवर उडवलंय त्याच्यासाठी हे एकविसावं उड्डाण नसतं, पहिलंच असतं.

होकायंत्राची गोष्ट आणखी मजेशीर आहे (लांबून बघणाऱ्याला). उरण रस्त्याला कंटेनर यार्ड किती आहेत ते सांगायला नको. कंटेनर म्हणजे लोखंड, पुलाच्या काँक्रीटमध्ये लोखंड, छपराचे पत्रे लोखंड. कंटेनरच्या टपावर नाहीतर गाडीच्या बॉनेटवर ठेवून ड्रोन चालू केला की होकायंत्राला उत्तर दिशा चुकीची वाटू शकते. आता कंट्रोलरच्या बाजूने विचार करा. जीपीएस सांगतो की तू दोन मीटर पूर्वेला सरकलास. कंट्रोलर म्हणतो, ठीक, पश्चिमेला जातो. पण त्याची पश्चिम खरी पश्चिम नाही. तो तिरका जातो, चूक वाढते, तो आणखी जोर लावतो, पुन्हा तिरका. बाहेरून दिसतं असं की ड्रोन गोल गोल फिरत मोठमोठी वर्तुळं काढतोय. ड्रोनवाल्यांमध्ये याला टॉयलेट बोल म्हणतात, कमोडमधलं पाणी फिरतं तसं. प्रोग्रॅममध्ये बग नाही, लॉजिक बरोबर आहे, फक्त आत आलेला डेटा खोटा आहे. अशा वेळी लोक घाबरून रिटर्न टू होम दाबतात, आणि ते फीचर त्याच जीपीएस आणि होकायंत्रावर चालतं!

वाऱ्याचं गणित

हे गणित मी प्रत्येक ड्रोनवाल्याला करायला लावतो. ड्रोन नॉर्मल मोडमध्ये सेकंदाला १० मीटर जातो असं धरू. वर वारा सेकंदाला ७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. आपल्या खाडीपट्ट्यात दुपारनंतर हा काही फार मोठा वारा नव्हे, आणि जमिनीवर झाडामागे उभं असताना तो निम्माही जाणवत नाही.

वाऱ्याच्या दिशेने निघालात तर वेग १० अधिक ७, म्हणजे १७. दोन किलोमीटर दोन मिनिटांत. मस्त! बॅटरी अजून ऐंशीच्या वर, आत्मविश्वास शंभरवर. परत येताना १० वजा ७, म्हणजे ३. तेच दोन किलोमीटर यायला ११ मिनिटं. शिवाय वाऱ्याविरुद्ध पूर्ण जोर लावायचा म्हणजे बॅटरी जास्त खर्च होणार. त्यात तुम्ही जाताना अर्धी बॅटरी होईपर्यंत शूट करत बसला असाल, तर हा ड्रोन घरी येत नाही. स्पोर्ट मोड थोडा वाचवतो, पण त्यात बॅटरी आणखी पळते.

आता दिशा बघा. जासईच्या ईशान्येला विमानतळ आहे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा येतो नैऋत्येकडून. म्हणजे जासईवर ताबा सुटलेला ड्रोन वारा बरोबर विमानतळाच्या अंगाला नेणार. हे वाक्य लिहिताना मी नकाशा दोनदा उघडून बघितला.

अॅप काही बोललं नाही, म्हणजे परवानगी आहे असं नाही

२१ सप्टेंबर २०१७ ची संध्याकाळ, न्यूयॉर्क. अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर स्टेटन आयलंडच्या किनाऱ्याजवळ साधारण ३०० फुटांवरून चाललं होतं. एक फँटम ४ ड्रोन त्याला धडकला. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं, पंख्याच्या पात्याला पोचा आला. ड्रोनची एक मोटर हेलिकॉप्टरमध्ये अडकून राहिली होती. त्यावरून तपास करणारे मालकापर्यंत पोचले. तो सुमारे अडीच मैलांवर, म्हणजे चार किलोमीटरवर, उभा होता. धडक झाल्याचं त्याला माहीतच नव्हतं, ड्रोन बिघडून पाण्यात पडला असं तो समजत होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं उत्तर. उडवायला मनाई असेल तर अॅप सांगेल, यावर तो विसंबून होता. त्या दिवशी त्या भागात तात्पुरती उड्डाणबंदी होती. त्याच्या टॅब्लेटला मोबाइल डेटा नव्हता. अॅप गप्प राहिलं. आपण फोनवर वाढलेली पिढी आहोत. चुकलं की लाल चौकट येते, पॉपअप येतो, ही सवय आपल्याला लागली आहे. पॉपअप आला नाही म्हणजे सगळं ठीक. आभाळाला ही सवय माहीत नाही.

जिओफेन्सिंगचंही तेच. काही ड्रोन विमानतळाजवळ उडायलाच नकार देतात, हे खरं. पण ते त्या कंपनीच्या डेटाबेसवर अवलंबून आहे, तो अपडेट केला का यावर अवलंबून आहे, आणि कंपनीच्या इच्छेवरही आहे. जानेवारी २०२५ मध्ये डीजेआयने अमेरिकेत बहुतेक ठिकाणची ही अडवणूक काढून टाकली आणि फक्त इशारा ठेवला. नवी मुंबईसारखा नवा विमानतळ तुमच्या जुन्या फर्मवेअरला माहीत असेलच असं गृहीत धरू नका. त्यात भारताने फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनची आयात बंद केली आहे. म्हणजे त्यानंतर 'दुबईहून आणलेला' ड्रोन असेल तर त्याच्या अपडेटची चौकशी कोणाकडे करणार?

नजरेच्या टप्प्याबद्दल एक छोटा हिशोब. चांगल्या डोळ्याला २५ सेंटिमीटरची वस्तू साधारण ८५० मीटरवर फक्त एक ठिपका म्हणून दिसते. ठिपक्याचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. तोंड कुठे हे कळायला त्याच्या निम्म्याहूनही बरंच कमी अंतर लागतं. बॉक्सवर 'रेंज १० किलोमीटर' लिहिलेलं असतं ती रेडिओची रेंज आहे, तुमच्या डोळ्यांची नाही.

'अडीचशे ग्रॅमचं खेळणं काय करणार?'

हा प्रश्न मला गावात सर्वात जास्त वेळा ऐकायला मिळतो. बुमराहचा चेंडू घ्या. १६० ग्रॅम वजन, ताशी १४४ किलोमीटर वेग धरला तर ऊर्जा होते सुमारे १२८ ज्यूल. आता उतरत असलेलं विमान सेकंदाला ७० मीटरने चाललंय आणि समोर २५० ग्रॅमचा ड्रोन नुसता तरंगतोय. धडकेची ऊर्जा साधारण ६१२ ज्यूल. जवळपास पाचपट. आणि चेंडू लेदरचा असतो, ड्रोनमध्ये मोटरचं धातू आणि लिथियम बॅटरी असते.

९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी माणसाच्या ड्रोनने भोक पाडलं. त्याला फक्त आग कुठवर आली ते बघायचं होतं. पार्किंगच्या गच्चीवरून ड्रोन सोडला, अडीच किलोमीटरच्या पुढे नेला, नजरेआड झाला. विमान दुरुस्तीला गेलं आणि आग लागलेली असताना एक विमान कमी झालं. खर्च ६५,००० डॉलरच्या वर.

विमान उतरताना साधारण ३ अंशाच्या उताराने खाली येतं. त्या हिशोबाने धावपट्टीपासून ५ किलोमीटरवर ते सुमारे २६० मीटर उंच असतं आणि २.३ किलोमीटरवर १२० मीटर, म्हणजे बरोबर ४०० फूट. हा तोच आकडा जिथपर्यंत ग्रीन झोनमध्ये ड्रोन उडवता येतो. हेलिकॉप्टर तर यापेक्षा खालूनही कुठूनही जातात.

जासईत नियम काय?

ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. आकाशाचे तीन भाग: ग्रीन, यलो, रेड. ग्रीनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. यलोमध्ये त्या भागाच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते. रेडमध्ये केंद्र सरकारची, म्हणजे आपल्या हौसेसाठी विषय संपला. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीनची मर्यादा २०० फुटांवर येते. त्याच्या आत ग्रीन नाहीच, आणि जासई आतच आहे. डिजिटल स्कायचा नकाशा त्या दिवशी उघडून बघायचा, मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट चालत नाही. उरण तालुक्यात बंदर आहे, नौदलाची ठिकाणं आहेत, ते वेगळंच. पोलिसांचे मनाई आदेशही अधूनमधून निघतात.

२५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रोला हौसेसाठी लागत नाही, पण हळदीचं शूटिंग पैसे घेऊन करत असाल तर लागतं. सवलत सर्टिफिकेटची आहे, झोनची नाही. हा घोळ इतक्या जणांच्या डोक्यात आहे की हळदीच्या मांडवावर एक बोर्ड लावावा असं वाटतं.

थ्रिल कुठून येतं

गॉगल लावून उडवायच्या एफपीव्ही ड्रोनने पुलावरून खाली डाइव्ह मारण्यात प्रचंड मजा आहे, हे नाकारून उपयोग नाही. मजा आहे म्हणूनच धोका आहे. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा एफएए पायलटांना पाच घातक वृत्ती शिकवते. आपल्या भाषेत सांगायचं तर: 'मला कोण शिकवणार', 'लगेच काहीतरी कर', 'मला काय होतंय', 'थांब, दाखवतोच' आणि 'आता जे व्हायचं ते होईल'. पहिल्या चार रीलवाल्यांमध्ये सहज ओळखू येतात. पाचवी कोणाच्या लक्षात येत नाही. सिग्नल गेला, स्क्रीन काळी झाली, की बरेच जण रिमोट खाली घेऊन 'येईल आपोआप' म्हणत उभे राहतात. ड्रोन ठरलेल्या उंचीवर चढून सरळ रेषेत परत येतो. मध्ये हाय टेन्शनची तार असेल तर ती बऱ्याच ड्रोनला दिसत नाही. ही उंची उडवण्यापूर्वी आजूबाजूचे टॉवर आणि टेकडी बघून सेट करायची असते, आणि तारांच्या वरून जाताना तुमची नजर ड्रोनवरच हवी.

'थांब, दाखवतोच' ही वृत्ती गर्दीत सर्वात वाईट. मिरवणुकीवर उडणाऱ्या ड्रोनखाली लहान पोरं खांद्यावर बसलेली असतात. प्रोपेलर प्लॅस्टिकचा असला तरी डोळ्याला पुरेसा आहे.

सराव करायचाच असेल तर ग्रीन झोनमधलं मोकळं मैदान शोधा, सकाळी वारा पडलेला असताना जा. ड्रोनचं तोंड स्वतःकडे करून एक अख्खी बॅटरी फक्त हॉवर करा. डावं-उजवं उलटं होतं तेव्हा हात किती गोंधळतो ते कळेल. मग इंग्रजी आठचा आकडा काढा, कॅमेऱ्याकडे न बघता, फक्त ड्रोनकडे बघत. जीपीएसशिवायचा सराव कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये होतो, तिथे आपटला तर रीसेट आहे. आणि खरोखर कधी एटीटीआयमध्ये गेलात तर पहिली गोष्ट म्हणजे उंची कमी करा, कारण खाली वारा कमी असतो. मग ड्रोनची शेपटी स्वतःकडे येईल असा फिरवा, स्टिक छोट्या छोट्या द्या आणि जिथे मोकळी जागा दिसेल तिथे उतरवा, घरापर्यंत आणायच्या नादी लागू नका.